परवाना जिल्ह्याचा, शेजार गावाचा

महाराष्ट्रात दारूविक्रीचा परवाना नगरपालिका देत नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली तो जिल्हाधिकारी देतात आणि त्यामागची तपासणी राज्य उत्पादन शुल्क विभाग करतो. त्यामुळे महाड किंवा पोलादपुरात परमिट रूम काढायची, तर फाइल शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला जाते. इंग्लंडमध्ये २००३च्या कायद्याने हे काम स्थानिक कौन्सिलकडे सोपवले. तिथे शेजाऱ्यांची तक्रार आणि परवाना एकाच टेबलावर येतात. इकडे परवाना जिल्ह्याचा आणि त्रास गल्लीचा.

पालिकेच्या हाती तरीही बरेच काही आहे. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, पार्किंगला जागा आहे का, उष्टे-खरकटे आणि रिकाम्या बाटल्या कुठे जातात, टपऱ्यांनी रस्ता किती अडवला, हे पालिकाच पाहते. परमिट रूमबद्दलच्या बहुतेक तक्रारी दारूच्या नसतातच; दारात आडव्या लावलेल्या मोटारसायकली आणि गटारात पडलेल्या बाटल्या यांच्या असतात. त्या मिटवायला अलिबागच्या आदेशाची गरज नसते.

हद्द कोणाची, याला किती वजन असते ते मुंबई-गोवा महामार्गाने दाखवले. दारू पिऊन होणारे अपघात रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतली दारूविक्री १ एप्रिल २०१७पासून बंद करण्याचा आदेश दिला. बंदी परमिट रूम आणि बिअर बारलाही लागू असल्याचे ३१ मार्च २०१७ला स्पष्ट झाले. त्याच वेळी २० हजार किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या स्थानिक संस्थांसाठी अंतर २२० मीटरवर आले. महाडची वस्ती २० हजारांच्या पुढची, पोलादपूर नगरपंचायतीची त्याहून बरीच कमी. म्हणजे एकाच महामार्गावरच्या दोन शेजारी गावांना दोन वेगळ्या टेपा. पुढे ११ जुलै २०१७ला पालिका हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी आड येत नाही, असा खुलासा झाला; ग्रामपंचायत हद्दीतल्या दुकानांचा प्रश्न २०१८च्या फेब्रुवारीत राज्य सरकारांवर सोपवण्यात आला. बाटली तीच, गिऱ्हाईक तेच. दुकान चालणार की नाही ते हद्दीच्या दगडाने ठरवले.

न्यायालयाची काळजी मात्र या भागात अस्थानी नव्हती. पोलादपूर सोडले की एक रस्ता कशेडी घाट चढतो, दुसरा आंबेनळीतून महाबळेश्वरला जातो. महाडहून वरंध घाटाचा फाटा निघतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. ड्रायव्हरला ग्लास न देणे, रात्री मुक्कामाची खोली उपलब्ध ठेवणे, एवढे हॉटेलवाल्यांनी आपसांत ठरवले तरी नाक्यावरच्या पोलिसांचे निम्मे काम होते. हॉटेलवाल्यांचीही एक रास्त तक्रार असते. लायसन फी भरणाऱ्याच्या वह्या-साठ्याची तपासणी होते आणि विनापरवाना बाटली देणारा ढाबा मोकळा राहतो. अशा अड्ड्यांवर दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६८खाली आणि तिथे पिणाऱ्यांवर कलम ८४खाली कारवाई होऊ शकते. अड्डे कुठे आहेत, हे परवानाधारकांइतके कोणाला ठाऊक नसते.

गावाच्या हातात आणखी एक शस्त्र आहे, ते म्हणजे आडवी बाटली. २५ मार्च २००८च्या शासन आदेशानुसार पाव महिला मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घेता येते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली, तर दुकान बंद होते. मोजणी एकूण नोंदीवर असल्यामुळे मतदानाला न आलेली बाई आपोआप उभ्या बाटलीकडे जाते. ज्या गावांची निम्मी घरे मुंबईला चाकरमानी, तिथे ही अट जड पडते. गोष्ट मतदानापर्यंत जाण्याआधी दुकानदाराने ग्रामसभेत येऊन बसणे दोघांनाही स्वस्त पडते.

करमणुकीचा परवाना वेगळ्याच दारांवर मिळतो. महाडला वीरेश्वराचा छबिना भरतो, तेव्हा दुकाने मांडायची जागा पालिकेची, तात्पुरती वीजजोडणी महावितरणची, ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांची आणि आकाशपाळण्याची तपासणी आणखी चौथ्याची. ध्वनी प्रदूषण नियम, २०००प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. हे दिवस मोजकेच असल्याने ते कोणत्या उत्सवांना मिळावेत, याबद्दल पालिका आणि मंडळांनी आधीच म्हणणे मांडणे शहाणपणाचे.

सार्वजनिक शांततेसाठी जिल्हाधिकारी दारूबंदी अधिनियमाच्या कलम १४२खाली दारूची दुकाने बंद ठेवू शकतात. आदल्या रात्री आलेल्या आदेशाने हॉटेलचा माल आणि माणसे अडकतात. आठवडाभर आधी कळले, तर कुरकुर होत नाही.

महाड-पोलादपूरच्या पंचांगात या साऱ्याची गर्दी एकाच हंगामात होते. महाशिवरात्रीच्या सुमारास छबिना, मग शिमग्याच्या पालख्या, २० मार्चला चवदार तळ्यावर देशभरातून येणारा जनसागर आणि ३१ मार्चला परवान्यांची मुदत संपते. पालिका, नगरपंचायत, उत्पादन शुल्क, पोलीस आणि हॉटेलवाले यांची बैठक प्रांताधिकाऱ्यांनी जानेवारीत बोलावली, तरच तिचा उपयोग. एप्रिलमध्ये घेतली, तर ती वर्षभर उशिरा झालेली असते.