हळू आवाजातला फीडबॅक : गिटार, घर आणि शेजार

विवाहमंडपात किंवा सभागृहात वक्ता माइक घेऊन स्पीकरसमोर आला की कानठळ्या बसविणारी शिट्टी घुमते आणि ध्वनिवर्धकवाला ती थांबविण्यास धावतो. विद्युत गिटार वाजविणारे तरुण मात्र असाच घुमता स्वर हेतुपुरस्सर मिळवू पाहतात, याचे वडीलधाऱ्यांना नवल वाटते. यास फीडबॅक म्हणतात. बीटल्स या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९६४ मधील ‘आय फील फाइन’ या गाण्याचा प्रारंभच अशा स्वराने होतो. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजविताना त्याला वादनाचेच अंग बनविले.

अडचण आहे ती जागेची. जळगावचा दाणा बाजार असो, सराफ बाजार असो की धुळ्याच्या क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. खाली दुकान, वर घर आणि भिंतीला लागून भिंत. एका खोलीत आजीचे सामायिक चालू असते, दुसरीत परीक्षेचा अभ्यास. मोठ्या आवाजावाचून फीडबॅक मिळत नाही, या समजुतीने घरात वाद होतो किंवा गिटार कपाटावर जाऊन पडते. ही समजूत अर्धीच खरी आहे.

व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर छेडलेल्या तारेचे कंपन हे मुद्दल होय. ते क्षणोक्षणी खर्च होते, म्हणून स्वर विरतो. तारेखालचा पिकअप कंपन टिपतो, ॲम्प्लिफायर ते वाढवितो आणि स्पीकरमधून निघालेला ध्वनी पुन्हा तारेस हलवितो. परतलेली ऊर्जा खर्चाइतकी भरली की स्वर टिकतो. अधिक भरली तर ॲम्प्लिफायरची मर्यादा येईपर्यंत तो चक्रवाढीने चढतो. परतलेले कंपन मूळ कंपनाशी मेळ साधणारेही असावे लागते. म्हणजे खोलीत किती आवाज भरला यापेक्षा तारेपर्यंत किती पोहोचला, हे महत्त्वाचे.

म्हणून पहिला उपाय अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. २ मीटरवरून २५ सेंटिमीटरवर आल्यास ढोबळ हिशेबाने १८ डेसिबलचा लाभ होतो, शेजाऱ्यांचा आवाज मात्र वाढत नाही. दुसरा उपाय, ॲम्प्लिफायरचा ‘गेन’ वाढवून ‘मास्टर’ कमी ठेवणे. त्यामुळे तारेचे क्षीण कंपनही भरपूर वाढते, पण कमाल आवाज आटोक्यात राहतो. गिटारच्या तारा स्पीकरकडे ठेवून वीतभर पुढे-मागे सरकल्यास वेगवेगळे स्वर जागे होतात. तेवढ्यानेही न साधल्यास गिटारचे डोके, म्हणजे खुंट्यांची बाजू, ॲम्प्लिफायरच्या लाकडी पेटीस हलकेच टेकवावे. कंपन लाकडातून थेट तारेकडे जाते. पोकळ अंगाची गिटार या कामी अधिक तत्पर असते. तीक्ष्ण, बेसूर किंचाळी आली तर दोष बहुधा पिकअपच्या सैल वेटोळ्यांचा असतो. तेव्हा गेन कमी करावा.

हेडफोन लावल्यास ध्वनी तारेपर्यंत जातच नाही, म्हणून हे चक्र तुटते. अशा वेळी ‘ई-बो’ हे मुठीत मावणारे साधन उपयोगी पडते. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे हे साधन चुंबकीय क्षेत्राने तार सतत हलती ठेवते. डिजिटेक कंपनीच्या ‘फ्रीकआउट’सारखे पेडल तर फीडबॅकचा स्वर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने निर्माण करते, त्यास मोठ्या आवाजाची गरज नसते.

सावधगिरी आवश्यक आहे. स्वर अचानक चढतो, म्हणून गिटारवरील आवाजाची कळ बोटाखाली असावी आणि कान स्पीकरच्या समोर नसावा. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. वादकाचा हात सतत धातूच्या तारांवर असतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे.

सरावासाठी सायंकाळी दुकान वाढविण्यापूर्वीचा तास सोयीचा. रस्त्यावर वर्दळ असते, त्यात लहान ॲम्प्लिफायरचा मंद स्वर शेजारी फारसा जाणवत नाही. आजीचे सामायिक कधी असते ते आधी विचारून वेळ ठरवावी, म्हणजे गिटार कपाटावर ठेवण्याची पाळी येणार नाही.