नऊ सायकली आणि दोन मनोरथ

2012 सालच्या जुलै महिन्यात फ्रान्समधल्या रस्त्यांवर एक चमत्कारिक देखावा पाहायला मिळाला. जगज्जेत्याचा इंद्रधनुषी पट्ट्यांचा सदरा घातलेला एक सायकलस्वार हळूहळू मागे पडत आपल्या संघाच्या मोटारीपाशी जाई. मोटारीतून एक हात बाहेर येई आणि पाण्याच्या बाटल्या एकामागून एक त्याच्या हवाली करी. त्या तो पाठीवरच्या खिशांत, सदऱ्याच्या आत, जिथे मावतील तिथे कोंबी आणि पाठीला पोक आल्यासारखा दिसत पुन्हा पुढे जाऊन सोबत्यांना वाटून टाकी.

हा गृहस्थ होता मार्क कॅव्हेंडिश. सपाट रस्त्यावरच्या अखेरच्या दोनशे मीटरांत त्याला मागे टाकील असा माणूस त्या काळी हुडकूनच काढावा लागला असता. आदल्याच वर्षी त्याने कोपनहेगनला जगज्जेतेपद मिळवले होते आणि त्याआधी टूर द फ्रान्समध्ये पाच टप्पे जिंकून हिरवा सदराही पटकावला होता. आणि आता हा चक्क पाणी भरत होता! एकनाथांच्या घरी श्रीखंड्याने पाणी भरले, ते भक्तीपोटी. इथे भक्तीचा काही संबंध नव्हता. इथे होते ते गणित, आणि तेही साधे वजाबाकीचे.

ते समजण्यासाठी ही शर्यत काय आहे ते थोडे सांगायला हवे. टूर द फ्रान्स 1903 पासून चालत आली आहे. तीन आठवडे, एकवीस दिवसांची दौड, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. बाहेरून पाहणाऱ्याला ती एक शर्यत वाटते. प्रत्यक्षात एका मांडवाखाली तीनचार लग्ने लागत असतात. रोजच्या टप्प्याचा विजेता वेगळा. सगळ्या टप्प्यांना लागलेल्या वेळेची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो एकंदर शर्यतीचा धनी. त्याचा पिवळा सदरा 1919 पासूनचा. टप्प्याच्या शेवटी आणि वाटेतल्या ठरावीक जागी पुढे येणाऱ्यांना जे गुण मिळतात, त्यांचा मान म्हणजे हिरवा सदरा. तो 1953 पासूनचा. मौज अशी की, पिवळ्या सदऱ्यासाठी एकही टप्पा जिंकावा लागत नाही. 2017 साली क्रिस फ्रूमने एकही टप्पा न जिंकता अख्खी शर्यत जिंकली होती.

आता हे दोन सदरे मागणारी शरीरेही निराळी असतात. आपल्याकडच्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्याने चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून वेगळे बक्षीस देतात; ज्याने ते ठेवले त्याने मर्म ओळखले होते, असेच म्हणायला हवे. घाट चढणारा किडकिडीत हवा, अंगावर छटाकभरही जास्तीचे मांस नको. याउलट शेवटच्या क्षणी ताशी साठ-सत्तर किलोमीटरांनी सुसाटणारा स्प्रिंटर मांड्यांनी भरलेला असतो. आल्प्स आणि पिरेनीजच्या घाटांत हेच भरलेपण त्याच्या मुळावर येते. विजेत्यानंतर ठरावीक वेळेच्या आत तो पोचला नाही, तर त्याला घरी पाठवतात. म्हणून सारे स्प्रिंटर मागे एक घोळका करून, घड्याळाकडे डोळा ठेवून, कसेबसे घाट पार करतात. पुढे पिवळ्या सदऱ्यासाठी झुंज चाललेली, आणि मागे ही मंडळी उद्याच्या दिवसासाठी नुसती तग धरून असतात.

हे दोघे आपापल्या बळावर भागवते, तर कसलीच अडचण नव्हती. पण सायकलस्वाराचा खरा वैरी वारा. दुसऱ्याच्या चाकामागे चिकटून चालवले की तीस-चाळीस टक्के श्रम वाचतात. तेव्हा पुढाऱ्याच्या वाटचा वारा अंगावर घेणारे सोबती लागतात. त्यांना 'दोमेस्तिक' म्हणतात. शब्दाचा अर्थ घरगडी. शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांनी 1911 साली मोरिस ब्रोको नावाच्या स्वाराला तो तुच्छतेने वापरला होता; पुढे तिरस्कार गळून पडला आणि शब्द तेवढा धंद्याचा म्हणून राहिला.

पण गडी गड्यातही फरक असतो. पिवळ्या सदऱ्याच्या उमेदवाराला घाटात साथ देणारे गडी लागतात. स्प्रिंटरला लागते ती आगगाडी: शेवटच्या काही किलोमीटरांत चारपाच दांडगे स्वार एकामागे एक लागतात, पहिला दमला की बाजूला होतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि अखेरच्याच्या मागून स्प्रिंटर बाणासारखा सुटतो. घाटातला गडी या आगगाडीत कुचकामाचा आणि आगगाडीतला गडी घाटात. संघात त्या काळी जागा होत्या नऊ. एका बाजूला एक माणूस वाढवला की दुसऱ्या बाजूचा एक गेला. वजाबाकी म्हटले ती हीच.

मग संघ एकच काहीतरी का ठरवत नाहीत? कारण सगळी आशा एका माणसावर टांगणे फार जोखमीचे आहे, आणि याचा धडा ब्रिटनच्या स्काय संघाला चांगलाच मिळाला होता. 2011 साली त्यांचा उमेदवार ब्रॅडली विगिन्स सातव्याच टप्प्यात पडला आणि त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले. वर्षभराची तयारी एका क्षणात रस्त्यावर सांडली. तो टप्पा संपत होता शातोरू या गावी, आणि तो जिंकला कोणी, तर दुसऱ्या संघातल्या कॅव्हेंडिशने! संघाला पैसा पुरवणाऱ्या कंपनीला वर्तमानपत्रात आपल्या नावाचा सदरा दिसायला हवा असतो. हातात स्प्रिंटर असला, तर पुढारी पडला तरी घर अगदीच बसत नाही.

त्याच वर्षाअखेर कॅव्हेंडिशचा एचटीसी संघ मोडला. तो संघ म्हणजे त्याच्यासाठीच रूळ घालून ठेवलेली आगगाडी होती. तिचा शेवटचा डबा, मार्क रेनशॉ, दुसरीकडे नोकरीला गेला. कॅव्हेंडिश स्कायमध्ये आला. एका संघात जगज्जेता स्प्रिंटर आणि पिवळ्या सदऱ्याचा ब्रिटिश उमेदवार! त्याआधी एकाही ब्रिटिशाने ही शर्यत जिंकलेली नव्हती. कागदावर याहून चांगली सोयरीक कोणती?

2012 ची शर्यत बेल्जममधल्या लिएजहून सुटली, तेव्हा नऊ जणांत कॅव्हेंडिशचा म्हणता येईल असा माणूस एकच होता, जुना सोबती बर्नहार्ड आयझेल. नॉर्वेचा एडवाल्ड बोआसन हागेन दोन्हीकडे उपयोगी पडण्याजोगा. फ्रूम, रिची पोर्ट, मायकेल रॉजर्स हे सारे विगिन्ससाठी. तिसऱ्या टप्प्यात कान्स्तान्त्सिन सिवत्सोव्ह पाय मोडून बाहेर पडला आणि नवाचे आठ झाले. दुसऱ्या टप्प्यात, तूर्ने गावी, कॅव्हेंडिशने जे केले ते मला त्याच्या साऱ्या विजयांत अधिक मोलाचे वाटते. आगगाडी नव्हतीच. तो एकटा, परक्यांच्या चाकांमागे उड्या घेत, गर्दीतून फट शोधत गेला आणि जर्मनीच्या आंद्रे ग्रायपेलला थोडक्यात मागे टाकून जिंकला. आश्रिताने स्वतःची चूल स्वतः पेटवावी, तसे ते होते. दोन दिवसांनी रुआंला तो पडला, आणि तो टप्पा ग्रायपेलने घेतला.

सातव्या टप्प्याला विगिन्सच्या अंगावर पिवळा सदरा चढला, आणि घरातली मोजदाद त्या दिवसापासून पक्की झाली. सदरा राखायचा म्हणजे रोज साऱ्या जथ्याच्या पुढे राहून वारा खायचा. स्प्रिंटरसाठी कोण झिजणार? पाण्याच्या बाटल्या वाहणारा जगज्जेता लोकांना याच दिवसांत दिसला. त्यातून खुद्द विगिन्सच्या मागेच आणखी एक मनोरथ उभे होते. अकराव्या टप्प्यात ला तुस्विरच्या घाटात फ्रूम त्याला सोडून पुढे निघाला आणि सांगावा येताच थांबला. थोरल्याच्या लग्नात धाकट्याचे पाऊल नाचायला उचलावे आणि वडिलांनी नुसते पाहावे, तसा तो क्षण. दोन मनोरथांचा हिशेब जमत नव्हता, तिथे हे तिसरे!

पण एक गोष्ट विगिन्सच्या बाजूने लिहून ठेवली पाहिजे. तो ऋण विसरला नाही. अठराव्या टप्प्यात, ब्रीव्ह गावी, संघ कॅव्हेंडिशसाठी पुढे आला आणि पिवळा सदरा घातलेला माणूस स्वतः आघाडीला वारा खात राहिला. ज्याने त्या वेळी जथ्याच्या पोटात सुखरूप बसायचे, तो गड्याचे काम करत होता. कॅव्हेंडिश पुढे पळालेल्यांना वाऱ्यासारखा ओलांडून गेला. शेवटच्या दिवशी पॅरिसच्या शाँझेलिझेवर पुन्हा तेच: अखेरच्या किलोमीटरला विगिन्स पुढे, मग बोआसन हागेन, आणि कॉंकॉर्द चौकाच्या वळणातून सुटलेला कॅव्हेंडिश. त्या रस्त्यावरचा हा त्याचा लागोपाठ चौथा विजय. विगिन्स पहिला, फ्रूम दुसरा, आणि टप्पे तीन. हिरवा सदरा मात्र पीटर सागानच्या अंगावर गेला.

यानंतर सहाच दिवसांनी लंडनच्या ऑलिंपिकमधली रस्त्यावरची शर्यत होती. तिथे विगिन्स, फ्रूम, डेव्हिड मिलर आणि इयन स्टॅनर्ड हे चौघे दिवसभर कॅव्हेंडिशसाठी राबले. नुकताच टूर जिंकलेला माणूस दुसऱ्यासाठी तासन् तास वारा खातो आहे! परतफेड पुरेपूर झाली. फळ मात्र मिळाले नाही. पुढे पळालेले हाती लागलेच नाहीत आणि सुवर्णपदक कझाकस्तानच्या अलेक्झांडर विनोकुरोव्हने नेले.

त्या वर्षाअखेर कॅव्हेंडिश स्काय सोडून गेला. कोणी म्हणेल, एवढे देऊनही तो गेला. कोणी म्हणेल, एवढेच मिळाले म्हणून गेला. मला वाटते, संघाने जे केले ते योग्यच होते आणि त्याने जाणेही योग्यच होते. त्याला मिळाला तो प्रसंगाचा मान. त्याला हवा होता तो रोजचा हक्क. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना या दोहोंतला फरक वेगळा समजावून सांगायला नको. (स्कायच्या त्या काळावर पुढे सावटही आले. 2018 साली ब्रिटिश संसदेच्या एका समितीने औषधांच्या वापराबद्दल संघावर नैतिक ठपका ठेवला. संघाने आणि विगिन्सने तो नाकारला.)

दोन्ही सदरे एका घरात आल्याचे दाखले आहेतच. जर्मनीच्या टेलेकोम संघाने 1996 साली ब्यार्ने रीस आणि 1997 साली यान उलरिख यांना पिवळा सदरा मिळवून दिला, आणि दोन्ही वर्षी हिरवा एरिक झाबेलकडे होता. पण तिघांनीही पुढे निषिद्ध उपायांची कबुली दिली, तेव्हा तो दाखला देताना माझा हात आखडतो.

2022 चा डच युंबो-विस्मा संघ अधिक विचार करण्याजोगा आहे. 2018 पासून संघात आठच जागा आहेत, म्हणजे वजाबाकी आणखी कडक झाली. तरी योनास विंगेगॉर पिवळ्यात आणि वाउट फान आर्ट हिरव्यात. हे साधले कसे? फान आर्टला स्वतःची आगगाडी लागतच नव्हती. पिवळा सदरा अंगात असताना तो कॅलेला एकट्याने पळून जिंकला. दुसऱ्याच दिवशी दगडी रस्त्यांवर विंगेगॉरची सायकल बिघडली, तेव्हा हाच मागे राहून त्याला ओढत आला आणि मोठा तोटा तेरा सेकंदांवर आणून ठेवला. ओताकामच्या घाटात तर त्याने विंगेगॉरसाठी असा वेग धरला की तादेय पोगाचार मागे पडला. स्प्रिंटर आणि घाटातला गडी एकाच देहात! पण असा माणूस काही दर वर्षी जन्माला येत नाही, आणि त्याच्याकडे पाहून इतरांनी आपले घर मांडू नये.

2025 साली बेल्जमच्या सूदाल क्विक-स्टेपने तोच डाव मांडला. टिम मेर्लियेने डंकर्क आणि शातोरू असे दोन टप्पे जिंकले, रेमको एव्हनपूलने कानला वेळेविरुद्धची दौड जिंकली. पण घाटांत त्याची शक्ती सरली आणि चौदाव्या टप्प्यात तो शर्यतीतून उतरला. पुढच्या मोसमासाठी त्याने संघही बदलला. या खेपेस घर सोडणारा पिवळ्याचा उमेदवार होता.

आणि कॅव्हेंडिश? एडी मेर्क्सचा चौतीस टप्प्यांचा विक्रम त्याने 2021 साली गाठला, आणि एक टप्पा तेवढा बाकी राहिला. 2024 साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, तो कझाकस्तानच्या अस्ताना संघातून आला. या संघाने पिवळ्या सदऱ्याचे नाव काढले नव्हते. त्याला पुढे आणण्यासाठी माणसे निवडली होती. पहिल्याच दिवशी, इटलीच्या उन्हात, फिरेंझे ते रिमिनी, तो सायकलवरच ओकू लागला. तेव्हा सोबती त्याच्याभोवती मागे राहिले, त्याच्या डोक्यावर पाणी ओतत, त्याला घाटांवरून घेऊन आले. विजेत्यानंतर जवळजवळ चाळीस मिनिटांनी, पण वेळेच्या आत, ही मंडळी पोचली. चौथ्या दिवशी गालिबिएचा घाट त्याने असाच मागून पार केला. आणि पाचव्या दिवशी, 3 जुलैला, सँ-व्हुल्बा गावी, तो पस्तिसावा टप्पा जिंकला.