टाकी, कूलर आणि लिजिओनेला

जिवाणू: गोड्या पाण्यातला. 1976 साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनातून न्यूमोनियाची साथ पसरली. कारण 1977 मध्ये सापडले: हाच जिवाणू.

वाढ: 20 ते 50 अंश सेल्सिअस तापमानात. उजनी धरणाकाठच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी सहज तेवढे तापते. तळचा गाळ, बुळबुळीत थर त्याच्या पथ्यावर पडतात. त्यामुळे टाकी नुसती भरून भागत नाही, घासावी लागते.

प्रसार: तुषार श्वासातून आत गेल्याने. साखर कारखान्यांचे कूलिंग टॉवर, शॉवर, कारंजी ही संभाव्य ठिकाणे. माणसाकडून माणसाला सहसा नाही. घरगुती एसीत पाण्याचे तुषार नसतात.

लक्षणे: साधारण 2 ते 14 दिवसांत ताप, खोकला, धाप.

खबरदारी: पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यानंतर शेवटच्या नळाला ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणी, पिवळा रंग म्हणजे क्लोरीन शिल्लक. गिझर 60 अंशांवर. कूलरचे पाणी साचू देऊ नये.