दमयंतीची परीक्षा: अमर चित्रकथेच्या पडद्यावरच्या दशकाचा मागोवा

अमर चित्रकथेचा ‘सन्स ऑफ राम’ हा थ्रीडी अ‍ॅनिमेशनपट २ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रदर्शित झाला. आदल्याच दिवशी जेम्स बाँडचा ‘स्कायफॉल’ लागला होता आणि अकरा दिवसांनी दिवाळीचे मोठे हिंदी चित्रपट यायचे होते. या दोन्हींच्या मध्ये लव-कुश भरडले गेले. पण अपयशाचे सगळे खापर तारखेवर फोडता येत नाही. जुलै २०२५ मध्ये आलेल्या ‘महावतार नरसिंह’ने तिकीटबारीवर घवघवीत यश मिळवले. पुराणकथेच्या अ‍ॅनिमेशनला प्रेक्षक नाहीत, ही जुनी सबब त्यामुळे निकालात निघाली. मग २००५ ते २०१४ या दशकात नेमके काय बिनसले, हा प्रश्न उरतो. उत्तर थोडक्यात असे, की चित्रकथेच्या पानावर पराक्रम, चमत्कार आणि प्रेम एकत्र नांदत होते. पडद्यावर जाताना पहिली दोन गाडीत बसली आणि तिसरे फलाटावर राहिले.

मराठी वाचकाच्या वाट्याला अद्भुत आणि शृंगार ही जोडी आधी सचित्र मासिकांतून आली. ‘चांदोबा’ मराठीत १९५२ पासून निघू लागला. शापित राजकन्या, गंधर्व, वेताळ आणि विक्रमादित्य यांचा तो दरबार होता. मात्र त्यात मजकूर मुख्य आणि चित्र सोबतीला असे. चौकटींची चित्रकथा घरोघरी नेली ती १९६४ मध्ये सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने. तिच्यातला वेताळ (मूळचा फँटम) चाच्यांशी लढे आणि डायना पामरची वर्षानुवर्षे वाट पाही. मूळ मालिकेत त्यांचे लग्न लागायला १९७७ साल उजाडले. अमेरिकेत १९८६ मध्ये वेताळ, जादूगार मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन यांना एकत्र आणून ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ ही कार्टून मालिका काढण्यात आली. तिच्या सुरुवातीलाच फ्लॅशची डेल आर्डन मारली जाते आणि नायकांच्या मुलांना पुढे आणले जाते. चित्रकथेतली नायिका घालवायची आणि तिच्या जागी पोरे बसवायची, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे अमर चित्रकथा सुरू केली. तिची कीर्ती देवादिकांच्या आणि वीरपुरुषांच्या चरित्रांमुळे झाली, तरी पहिल्या काही वर्षांतच ‘शकुंतला’ आणि ‘नल दमयंती’ ही पुस्तके निघाली होती. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या मराठी चित्रकारांचा या मालिकेत मोठा वाटा होता. बत्तीस पानांत आख्खे आख्यान बसवायचे म्हटल्यावर काटछाट होणारच, आणि शृंगार तर लहान मुलांच्या हाती पडणार म्हणून आणखी सोवळ्यात ठेवलेला असे. तरीही प्रेमकथा ही प्रेमकथाच राही. शकुंतलेची अंगठी पाण्यात पडली की पुढची सगळी पाने त्या एका अंगठीसाठी वाचली जात. वाचक एका चौकटीवर हवा तितका वेळ थांबू शके, मागचे पान पुन्हा उलटू शके. विरह दाखवायला चित्रकथेला वेगळा खर्च येत नव्हता. दोन चौकटींमधली पांढरी पट्टी ते काम करी.

या पुस्तकांचा वाचक फक्त दादर-पुण्यात नव्हता. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी उभे राहिलेले रसायनी हे त्या काळातल्या नव्या वस्त्यांचे चांगले उदाहरण आहे. हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली आणि रंग, औषधे व रबर या उद्योगांना लागणारी अ‍ॅनिलीन, नायट्रोबेंझीन यांसारखी मूळ रसायने येथे तयार होऊ लागली. एचओसी कॉलनी, मोहोपाड्याचा बाजार आणि दिवा–रोहा मार्गावरचे छोटे स्टेशन एवढ्यावर गाव चाले. अशा कारखानदारी वसाहतीत निरनिराळ्या प्रांतांतली कुटुंबे शेजारी राहत. एकच गोष्ट मराठी, हिंदी, इंग्रजी अशा अनेक भाषांत काढणारी अमर चित्रकथा त्यांच्या मुलांना सामाईक होती. एका घरात आलेले पुस्तक दहा घरे फिरून, मुखपृष्ठ गमावून परत येई. वाचनालयाच्या शिक्क्यापेक्षा हातोहात फिरण्यावरच या पुस्तकांचा खरा खप मोजायला हवा.

१९८५ ते १९८९ या काळात अमर चित्रकथेच्या महाभारताचे ४२ भाग निघाले, ते बव्हंशी दिलीप कदम यांच्या कुंचल्यातून. त्याच सुमारास दूरदर्शनवर जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ आणि पाठोपाठ ‘महाभारत’ सुरू झाले. १९९१ मध्ये अमर चित्रकथेने नवी पुस्तके काढणे थांबवले. त्यानंतरची पंधरा वर्षे पुनर्मुद्रणाची आहेत. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे थोडे. अपवाद एकच, तोही अमर चित्रकथेबाहेरचा: युगो साको आणि राम मोहन यांचा भारत–जपान संयुक्त ‘रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स राम’. १९९२ मध्ये पूर्ण झालेल्या या हाताने रेखाटलेल्या चित्रपटात राम आणि सीता एकमेकांकडे बघतात, एवढी साधी गोष्ट नीट जमली होती. भारतात त्याला धड प्रदर्शन मिळाले नाही. मोठ्या पडद्यावर तो सर्वत्र पोचायला जानेवारी २०२५ उजाडावे लागले.

खरे दशक सुरू होते ते ऑक्टोबर २००५ मध्ये, व्ही. जी. सामंत यांच्या ‘हनुमान’ने. चित्रपट चालला आणि निर्मात्यांनी त्यातून जो धडा घेतला, तोच पुढे नडला. बालहनुमान लोकांना आवडला म्हणून प्रत्येक देवाला बाल्यावस्थेत पाठवण्यात आले. २००७ मध्ये ‘बाल गणेश’ आला, २००८ मध्ये पोगो वाहिनीवर ‘छोटा भीम’ अवतरला. महाभारतातल्या भीमाला हिडिंबा आहे, द्रौपदीसाठी कमळ आणायला तो गंधमादन पर्वत तुडवतो. ढोलकपूरच्या भीमाला लाडू पुरतात. मुलांच्या मालिकेत लाडू असण्याला कोणाचीच हरकत नसावी. हरकत आहे ती हेच अ‍ॅनिमेशनचे संपूर्ण क्षेत्र मानण्याला. वाहिन्यांचा प्रेक्षक चार ते चौदा वयाचा, जाहिराती बिस्किटांच्या आणि दप्तरांच्या, म्हणून गोष्टही तेवढ्याच उंचीची, असा हिशेब ठरून गेला.

याच काळात रसायनीपासून फार लांब नसलेल्या कर्जतला वेगळाच हिशेब चालू होता. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या एनडी स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला उभा राहिला. २००८ मध्ये आलेला तो चित्रपट म्हणजे राजवाड्यात घडणारी, लग्नानंतर उमलणारी प्रेमकथा. नटनटी असतील तर एका प्रेमासाठी कर्जतच्या माळावर आग्रा उठवता येतो. तीच गोष्ट रेखाटायची असेल तर मात्र पैसा नसतो आणि प्रेक्षक लहान असतो. एका जिल्ह्याच्या हद्दीत इतकी उघड विसंगती क्वचितच पाहायला मिळते.

अमर चित्रकथेची मालकी २००७ मध्ये समीर पाटील यांनी उभ्या केलेल्या एसीके मीडियाकडे आली आणि संग्रह पडद्यावर नेण्याचे ठरले. चेतन शर्मा यांनी ‘त्रिपुरा’ हा अ‍ॅनिमेशनपट केला. मयासुराच्या तीन नगरांची ही कथा. त्यातली चित्रशैली देखणी होती. २४ फेब्रुवारी २०११ रोजी अनंत पै यांचे निधन झाले. त्यानंतर वीस महिन्यांनी कुशल रुइया दिग्दर्शित ‘सन्स ऑफ राम’ आला. खालापूर-रसायनीकडच्या वाचकाला थ्रीडी पडदा गाठायचा तर पनवेल ओलांडून नवी मुंबईकडे जावे लागे. घरातल्या मोठ्यांनी लहानपणी वाचलेली गोष्ट मुलांना दाखवायची, म्हणून असा खर्च करणारी पिढी तेव्हा नुकती तयार झाली होती. तिच्या तोंडाला पाने पुसली गेली.

लव-कुशांची गोष्ट मुळात मुलांची आहे, असा बचाव केला जातो. तो टिकत नाही. या कथेला नाट्यरूप देणाऱ्या भवभूतीने आपले गाव विदर्भातील पद्मपूर असे सांगितले आहे. वा. वि. मिराशी यांनी ते आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळ असल्याचे दाखवले. त्याचे ‘उत्तररामचरित’ सुरू होते तेच राम आणि सीता आपल्या पूर्वायुष्याची रंगवलेली चित्रे ओळीने पाहत असताना. चित्रकथेला याहून जुना आणि याहून योग्य पूर्वज शोधूनही सापडणार नाही. तिसऱ्या अंकात पंचवटीत राम मूर्च्छित पडतो. भागीरथीच्या कृपेने अदृश्य झालेली सीता त्याला स्पर्श करते. त्याला स्पर्श ओळखू येतो, पण ती दिसत नाही. अद्भुत आणि प्रेम एका प्रसंगात इतके घट्ट विणलेले क्वचित आढळते. अ‍ॅनिमेशनसाठी तर हा प्रसंग जणू राखून ठेवलेला होता. चित्रपटाने भर दिला तो आश्रमातली मुले, त्यांची धाडसे आणि अश्वमेधाचा घोडा यांवर. आईबापांची ताटातूट पार्श्वभूमीला गेली. ज्या जखमेमुळे ही मुले आश्रमात वाढतात, तीच जखम झाकली की घोडा अडवण्याला खेळापलीकडे अर्थ राहत नाही.

यामागे कलात्मक आळसाइतकीच तांत्रिक कारणे होती. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. नव्वद मिनिटांना त्या १,२९,६०० होतात. संगणकावर पात्र उभे करताना मोकळे केस, नेसलेले वस्त्र, गळ्यातली माळ आणि डोळ्यांभोवतीचे स्नायू ही सर्वांत खर्चिक कामे. मारामारीत अंग हलले की भागते. प्रेमाच्या प्रसंगात अंग स्थिर असते आणि पापणी, ओठ, बोटे यांवर सगळा भार येतो. म्हणजे जे दृश्य कागदावर स्वस्त, तेच संगणकावर महाग. मुंबईतले कलाकार हे काम करू शकत नव्हते असे नाही. परदेशी स्टुडिओंची कंत्राटी कामे त्यांच्याच हातून होत होती. स्वतःच्या कथेसाठी मात्र त्यांना दिवस आणि पैसा दोन्ही मोजून मिळे.

विदर्भाच्याच दुसऱ्या कथेत या फरकाची नेमकी कसोटी सापडते. दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नलाचे रूप घेऊन बसतात. खरा नल ती ओळखते तो त्याच्या माणूसपणावरून: त्याला घाम येतो, त्याची पापणी लवते, त्याची सावली पडते, माळ कोमेजते, पाय जमिनीला टेकतात. त्या दशकातील स्वस्त थ्रीडी पात्रांना हीच परीक्षा लावली तर बहुतेक सगळी देव ठरतात. पापणी वेळेवर लवत नाही, चालताना पाय जमिनीवरून घसरतात, सावली असलीच तर पायाखाली ठिपक्यासारखी. अशा चेहऱ्यांवर दमयंती भाळणे अवघड, प्रेक्षक तर दूरच. ‘नल दमयंती’ आणि ‘शकुंतला’ या आपल्याच जुन्या पुस्तकांऐवजी अमर चित्रकथेने त्रिपुर आणि लव-कुश निवडले, यात हा हिशेब असणार.

फसलेले रूपांतर दुरुस्त करता येते, याचा दाखला जपानमध्ये आहे. नात्सुकी ताकाया यांची ‘फ्रूट्स बास्केट’ ही १९९८ ते २००६ या काळात आलेली चित्रकथा. शापामुळे एका घराण्यातली माणसे भिन्नलिंगी व्यक्तीने मिठी मारताच राशिचक्रातल्या प्राण्यांत बदलतात, आणि अशा घरात एक अनाथ मुलगी राहायला येते. २००१ मध्ये तिची मालिका २६ भागांत आटोपली. मूळ कथा तेव्हा अर्धीमुर्धीच छापून झाली होती. वाचकांची हळहळ राहिली. २०१९ ते २०२१ या काळात नव्या चमूने पहिल्यापासून सुरुवात करून ६३ भागांत संपूर्ण कथा सांगितली. दुर्वासाच्या शापाचे आख्यान ज्या देशात घडले, तेथे शकुंतलेला अशी दुसरी संधी सोडाच, पहिलीही धड मिळाली नाही.

दशकाचा शेवट लवकर आला. अर्णब चौधरी यांचा ‘अर्जुन: द वॉरियर प्रिन्स’ मे २०१२ मध्ये आला. प्रौढ प्रेक्षक गृहीत धरून, जाणिवेने केलेला तो चित्रपट होता. जाणकारांनी नावाजला, गर्दी झाली नाही. मे २०१४ मधल्या ‘कोचडैयान’मध्ये रजनीकांत यांचे नाव असूनही निर्जीव चेहरे लपले नाहीत. त्यानंतर मोठ्या पडद्याचा नाद बहुतेकांनी सोडला आणि वाहिन्यांवरचे बालवीर मात्र जोमात राहिले. खालापूर तालुक्यातच २०१३ मध्ये अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका सुरू झाले. तेथे अलीबाबा आणि मिस्टर इंडिया यांच्या सफरी आहेत. रसायनीच्या कारखान्यातील तोट्यातले विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ मध्ये घेतला. अग्निबाणांना लागणारे रसायन तयार करणारा विभाग तेवढा इस्रोकडे द्यायचे ठरले. चित्रकथा वाचत वाढलेली कॉलनीतली पिढी तोवर पनवेल, पुणे आणि त्यापलीकडे पांगली होती.

‘महावतार नरसिंह’ने पैसा आणि तंत्र यांबाबतच्या दोन सबबी संपवल्या. तिसरी उरते, ती म्हणजे अ‍ॅनिमेशनमध्ये प्रौढ भावना चालत नाहीत, ही समजूत. नरसिंहाची कथाही भक्त बालकाची आणि राक्षसवधाची आहे. तिने ही समजूत तपासलेली नाही. ती तपासायची तर विदर्भाची दमयंती, कण्वाश्रमातली शकुंतला किंवा पंचवटीतली अदृश्य सीता यांपैकी एकीला नायिका करून पूर्ण लांबीचा चित्रपट काढावा लागेल. तीनही कथा कोणाच्या मालकीच्या नाहीत, त्यांची हक्काची रक्कम कोणाला द्यावी लागत नाही, आणि त्यांपैकी दोघींची चित्ररूपे अमर चित्रकथेच्या संग्रहात पन्नास वर्षांहून अधिक काळ तयार पडून आहेत.