घाणीतून काय उतरतं?

लोणच्याचे दिवस आले की ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत तेलाच्या घाणीपुढे रिकामे डबे रांगेला लागतात. घाणीवाला चाळलेली मोहरी ओततो, वर पाण्याचा हबका मारतो आणि मोटर सुरू करतो. हबका विसरून चालत नाही. ओल लागली की दाण्यातलं मायरोसिनेज हे विकर कामाला लागतं आणि मगच तेलाला झणका येतो. थोड्या वेळाने खाली पिवळी धार लागते, बाजूला खळीचे, म्हणजे पेंडीचे, तपकिरी पापुद्रे साचतात.

दौलतराव शिंद्यांच्या फौजेने १८१०च्या सुमारास इथे तळ दिला. त्या फौजेमागून आलेल्या मराठी घरांनी मोरेना-भिंडचं सरसोंचं तेल आपलंसं केलं, पण फेसलेली मोहरी सोडली नाही. मोहरीची डाळ पाण्यात घोटत राहायची, घरातल्या आजींच्या नाकात झणका जाईपर्यंत. डोळ्यांना पाणी आणणारी ही झोंबणी म्हणजे ॲलर्जी नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं.

ॲलर्जी होते ती दाण्यातल्या प्रथिनांमुळे. मोहरीत '२एस अल्ब्युमिन' जातीचं एक चिवट प्रथिन असतं. ते शिजवून मोडत नाही, पोटातल्या पाचक रसांनाही सहजी दाद देत नाही. तेलात ते फार थोडं उतरतं. तरी ज्याला मोहरी बाधते त्याने कच्च्या घाणीच्या तेलावर भरवसा ठेवू नये. बाकीचं प्रथिन खळीत जातं. फेसलेल्या मोहरीत मात्र प्रथिनासकट अख्खा दाणाच असतो.

म्हणून जनुकबदल केलेल्या मोहरीबद्दल 'तेल सुरक्षित आहे का?' एवढंच विचारणं अपुरं आहे. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने घडवलेल्या डीएमएच-११ या संकरित मोहरीत मातीतल्या जिवाणूंकडून आणलेली तीन जनुकं आहेत. बारनेज वरुणा वाणाचा पराग वांझ करतं, बारस्टार संकरात तो पुन्हा फळता करतं आणि बार तणनाशक सोसायला शिकवतं. अशा जनुकांमुळे बनणाऱ्या प्रत्येक नव्या प्रथिनाची रचना ज्ञात ॲलर्जीकारकांशी ताडतात. सलग ८० अमिनो आम्लांच्या पट्ट्यात ३५ टक्क्यांहून अधिक साम्य निघालं, की संशय धरायचा. प्रथिन पेप्सिन या पोटातल्या पाचक विकरात विरतं का, हेही पाहतात.

ही चाळणी नुसती कागदी नाही. सोयाबीनची पौष्टिकता वाढवण्यासाठी त्यात ब्राझील नटचं जनुक घातलं होतं. १९९६ साली छापून आलेल्या तपासणीत, त्या नटची ॲलर्जी असलेल्या ९ जणांपैकी ८ जणांच्या रक्तरसाने नव्या सोयाबीनला ओळखलं. ते बाजारात आलंच नाही. गंमत म्हणजे ते प्रथिनही २एस अल्ब्युमिनच, मोहरीतल्या खोडकराचं भावंड. मात्र चाळणीतून सुटू शकतं ते अगदी अनोळखी प्रथिन, ज्याच्याशी ताडायला यादीत काहीच नाही. शिवाय मोहरीचं स्वतःचं अल्ब्युमिन नव्या वाणात वाढलं का, हेही मोजायला हवं.

डीएमएच-११ला पर्यावरणीय परवानगी ऑक्टोबर २०२२मध्ये मिळाली. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. ॲलर्जीच्या सूचनेचं म्हणाल तर युरोपात वेष्टनावर मोहरीचा उल्लेख सक्तीचा आहे. आपल्याकडच्या ॲलर्जीकारकांच्या सक्तीच्या यादीत शेंगदाणा आहे, सोयाबीन आहे, मोहरी नाही.

छावनीत डबा भरतो. गवळी खळीचं पोतं सायकलला बांधतो. रांगेतल्या एक आजी तेलाचे पैसे देतात आणि पलीकडच्या किराणा दुकानाकडे वळतात, अर्धा किलो मोहरीची डाळ घ्यायला.