घाट उतरताना वाचलेला रुपया

तुळजापूरहून सोलापूरकडे निघाले की गाव मागे पडता पडता रस्ता खाली झुकतो. बालाघाटाच्या डोंगराचा काठ तिथे संपतो आणि समोर सोलापूरकडची सपाटी दिसू लागते. या माथ्यावर आल्यावर आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या कितीतरी दुचाकीस्वारांचा हात आपोआप किल्लीकडे जातो. गाडी बंद करायची आणि पायथ्यापर्यंत फुकटात उतरायचे! काही जीपवाले, टेम्पोवालेही असेच करतात. महाराष्ट्रात २०२१ साली पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, तेव्हापासून तर ही सवय म्हणजे शहाणपण, असेच अनेकांना वाटते.

डोंगरातल्या प्रवासात इंधन कसे वाचवावे, याविषयी आज बोलायचे आहे. सुरुवात या सवयीपासूनच करतो, कारण एके काळी ती मलाही होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरला कविसंमेलन होते. माझ्याजवळ जुनी स्कूटर होती. मागे मित्र, त्याच्या मांडीवर आमच्या वह्यांची पिशवी. दिवेलागणीची वेळ झाली होती. माथ्यावर मी स्कूटर बंद केली. तिला बॅटरी नव्हती. दिवा आणि हॉर्न दोन्ही इंजिनावर चालत. इंजिन बंद म्हणजे दिवा बंद, हे मला ठाऊक होते. पण अजून उजेड आहे, असे मी मनाशी म्हटले.

कोजागिरीला सोलापूरकडून लाखो माणसे पायी तुळजापूरला येतात. एका वळणावर त्यांतलीच काही थकून कडेला बसली होती. एक बाई लेकराला कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होती. तिला आमची चाहूल लागली नाही. लागणार कशी? आमच्याकडे ना आवाज होता, ना उजेड. मी ब्रेक दाबला. पण उतारभर दाबून दाबून तो तापला होता, त्याची पकड ढिली झाली होती. शेवटी स्कूटर डोंगराच्या अंगाला घातली. बाई वाचली, लेकरू वाचले, मित्राचे मनगट मोडले. बाईने शिवी दिली नाही. धाप लागलेल्या आवाजात एवढेच म्हणाली, "अवो दादा, निदान आवाज तरी करायचा!"

पुढे स्कूटर दुरुस्त करताना मिस्त्रींनी विचारले, "सर, किती पेट्रोल वाचवलंत?" मग त्यांनीच उत्तर दिले, "फार तर एक रुपयाचं."

मी कला शाखेचा पदवीधर, आकडेमोडीशी माझे कधी फारसे जमले नाही. पण त्या एका रुपयाने मला हिशेब करायला लावला. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे आणि तुळजापूर सुमारे साडेसहाशे. म्हणजे सोलापूरहून तुळजापूरला येणारी गाडी स्वतःला आणि आतल्या माणसांना दोनशे मीटर वर उचलते. गाडी, माणसे, सामान मिळून वजन दोन टन धरा. हे वजन एवढे उंच नेण्यासाठी सपाट रस्त्याच्या खर्चाहून जे जादा डिझेल लागते, ते सुमारे ३६० मिलिलिटर. डिझेल लिटरला नव्वद रुपये धरले तर बत्तीस रुपये. डिझेलमध्ये जेवढी ऊर्जा असते, तिच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकीच चाकापर्यंत पोचते आणि उरलेली उष्णता होऊन जाते, हे धरूनच हा ढोबळ आकडा आला आहे.

हे बत्तीस रुपये म्हणजे उंचीची किंमत. तिथे घासाघीस चालत नाही. एक क्विंटल ओझे कमी केले तर दीड-दोन रुपये वाचतात. घरची गाडी वर्षातून एकदा दर्शनाला जाणार असेल, तर आजीची पिशवी खाली ठेवायला सांगू नका. पण रोज चार वेळा घाट चढणाऱ्या वडापच्या जीपवाल्याने विनाकारण भरलेले क्विंटलभर सामान उतरवले, तर महिन्याकाठी दीड-दोनशे रुपये सुटतात.

हलकेपणाचे महत्त्व आमच्या भागाला जुने आहे. एव्हरार्ड केल्थ्रोप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे बांधली. १८९७ मध्ये ती बार्शीपर्यंत सुरू झाली आणि येडशीमार्गे १९११ मध्ये लातूरला पोचली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरच्या त्या छोट्या गाडीत कोणत्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, असा त्याचा दंडक होता. डोंगर चढवताना रेल्वेचे इंजिनिअर वळणे घेत घेत चढ सौम्य करतात. उंची त्यामुळे कमी होत नाही, पण इंजिनाला ती बेताबेताने चढता येते. गाडी चालवणाऱ्याच्या हाती रस्ता नसतो, गिअर असतो. चढावर इंजिन धडधडू लागले, तरी वरच्याच गिअरमध्ये रेटत नेणारे पुष्कळ असतात. त्यांना वाटते, गिअर उतरवला की पेट्रोल जास्त जाते. खरे तर गुदमरलेल्या इंजिनात इंधन वाया जाते. वेळेवर एक गिअर खाली घ्यावा आणि एका चालीने चढावे. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरू नये. त्यात इंधनही जाते आणि क्लचप्लेटही.

आता उताराकडे येऊ. उंचीसाठी मोजलेले पैसे उतारावर परत मिळतात, कारण गाडीला वजनच खाली ओढते. प्रश्न एवढाच की इंजिनाचे काय करायचे. न्यूट्रलमध्ये चालू ठेवले तर ते जागेवर फिरत राहण्यापुरते इंधन पिते. जीपचे डिझेल इंजिन दहा मिनिटांच्या उतारात शंभर-सव्वाशे मिलिलिटर पिईल, म्हणजे दहा-अकरा रुपयांचे. ते वाचवायला लोक किल्ली फिरवतात.

पण तिसरा मार्ग आहे, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून घ्या. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाड्यांत अशा वेळी आतला संगणकच इंधनाचा पुरवठा तोडतो. चाकेच इंजिनाला फिरवतात, म्हणून इंजिन बंद पडत नाही, आणि त्या काळात इंधनाचा खर्च जवळजवळ शून्य असतो. वेग अगदी कमी झाला की पुरवठा पुन्हा सुरू होतो. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, तेव्हापासूनच्या बहुतेक सगळ्या दुचाकीही इंजेक्शनच्याच आहेत. म्हणजे ज्याने नवी गाडी न्यूट्रलमध्ये उतरवली त्याने इंधन वाचवले नाही, उलट जाळले. आणि ज्याने किल्ली फिरवली त्याने जवळजवळ काहीच कमावले नाही.

त्याने गमावले काय, तेही पाहू. चारचाकीचा ब्रेक हलक्या पायाने लागतो, तो इंजिनाच्या जोरावर. इंजिन बंद पडले की ही मदत दोन-तीन वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते. मग पेडल दगडासारखे घट्ट होते. पॉवर स्टिअरिंग जड होते. किल्ली पुरती फिरली किंवा निघाली तर स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा पंप इंजिनावर चालतो. शिवाय गिअर काढला की गाडीला आवरणारा एकच उरतो, तो म्हणजे ब्रेक. आणि सतत दाबलेला ब्रेक तापून निकामी होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, असे मुरलेले चालक सांगतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत असे उतरताना थोडे पेट्रोल जाते, हे खरे. ते जाऊ द्यावे. ती ब्रेकची किंमत आहे.

मग बचत करायची कुठे? घाटात नाही, घाटाच्या अलीकडे-पलीकडे. एसटीत चालकाचा हिशेब दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर, असा मांडतात. ज्याचा आकडा चांगला येतो, त्याचा पाय ब्रेकवर कमी असतो. पुढचे वळण, पुढचा गतिरोधक लांबूनच पाहून तो वेग आधीच उतरवतो. जोरात जाऊन जोरात ब्रेक मारणे म्हणजे विकत घेतलेला वेग ब्रेकमध्ये जाळणे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी साठचे ऐंशी केले की तो जवळजवळ पावणेदोन पट होतो. टपावर बांधलेले बोचकेही वाऱ्यालाच अडते, म्हणून ते शक्यतो आत ठेवावे.

टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी स्वतःलाच ओढत राहते. पावसाळ्यात काळ्या मातीतून शेताकडे मोटारसायकल नेणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गुलमर्गला बर्फावर चालणाऱ्या स्कूटर असतात, त्यांचेही तेच. मळलेल्या वाटेवर कमी पेट्रोल, भुसभुशीत बर्फात जास्त. आणि किल्ली फिरवायचीच असेल, तर गाडी उभी असताना फिरवावी: रेल्वेच्या फाटकावर, बाजारात, चहाच्या टपरीसमोर. तिथे वाचलेला रुपया निखळ नफ्याचा.

डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियम आहे. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा उचलायला जास्त जोर आणि जास्त इंधन लागते. कधी कधी दुसऱ्याचे इंधन वाचवणे आपल्या हाती असते, ते असे.

माझ्या मित्राचे मनगट भरून आले, पण पावसाळ्यात अजून ठणकते. सोलापूरकडची माणसे अजूनही कोजागिरीला पायी चालत येतात. नवरात्रात गावोगावची पोरे तुळजापूरहून ज्योत घेऊन रात्रीबेरात्री धावत घाट उतरतात, लेकुरवाळ्या बाया वळणावर टेकतात. त्यांना आपली चाहूल लागते ती गाडीच्या आवाजाने आणि उजेडाने. माथ्यावर पोचल्यावर तुमचा हात किल्लीकडे गेला, तर तेवढे आठवा. गाडी गिअरमध्ये टाका, दिवा लावा आणि सावकाश उतरा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)