नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

विधिमंडळातल्या प्रश्नांची भाषा एकदा वाचली की विसरता येत नाही. 'अमुक तालुक्यातील अमुक काम रखडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने याबाबत चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' त्याखाली मंत्रिमहोदयांचे उत्तर असते : 'हे अंशतः खरे आहे.' नाही तर सरळ, 'हे खरे नाही.' आणि एकदा 'खरे नाही' म्हटले की पुढच्या सगळ्या पोटप्रश्नांना एकच उत्तर पुरते : 'प्रश्न उद्भवत नाही.'

उभा जन्म बँकेत काढलेल्या माझ्यासारख्याला ही भाषा परकी वाटत नाही. आमच्याकडेही ऑडिटर यायचे, शेरे काढायचे, आणि आम्ही 'नोंद घेतली', 'पूर्तता करण्यात येत आहे' असे लिहून मोकळे व्हायचो. उत्तर द्यायचे, पण त्यात काही सांगायचे नाही, ही कला मलाही चांगली अवगत होती. म्हणूनच प्रश्न विचारणाऱ्या माणसाची किंमत मला उशिरा, पण नीट कळली.

१९८९ साली मी अकोट तालुक्यातल्या एका शाखेत होतो. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या गोड्या पाण्याच्या पट्ट्यात एका शेतकऱ्याने विहीर खोदली होती, आणि मोटारपंपासाठी आम्ही त्याला कर्ज दिले होते. नियमाप्रमाणे मी पाहणीला गेलो. विहिरीला पाणी होते. मोटार गोठ्यात तुराट्यांच्या भाऱ्यामागे पोत्यात गुंडाळून ठेवलेली होती. विजेची जोडणी अजून यायची होती. मी परत येऊन अहवाल लिहिला : विहीर पाहिली, मोटार पाहिली, कर्जाचा विनियोग योग्य. खाली सही ठोकली. त्यात एक अक्षरही खोटे नव्हते.

जोडणी दुसऱ्या वर्षीही आली नाही, तिसऱ्या वर्षीही नाही. हप्ते मात्र पहिल्या वर्षापासून सुरू झाले होते. वसुलीला गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या कागदावर मोटर चालू हाये. मंग माह्या वावरात काऊन बंद हाये?" मी म्हणालो, "भाऊ, जोडणी आमच्या हातात नाही." तेही खरेच होते. त्याने बैलजोडी विकून हप्ता भरला. आमच्या वहीत ते खाते 'नियमित' राहिले. माझ्या पाहणीच्या छापील नमुन्यात मोटारीच्या किमतीचा रकाना होता, पावतीच्या क्रमांकाचा होता. 'पाणी पिकाला मिळाले काय', हा रकानाच नव्हता. जे विचारलेच नाही, त्याचे उत्तर मी दिले नाही.

त्या काळात अमरावतीचे प्रा. बी. टी. देशमुख विधान परिषदेत होते. अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघातून ते अपक्ष म्हणून निवडून जात, आणि १९८० च्या दशकापासून सुमारे तीस वर्षे ते त्या सभागृहात होते. अठ्ठ्याहत्तर सदस्यांच्या त्या सभागृहात पदवीधरांचे प्रतिनिधी अवघे सात. पाठीशी पक्ष नाही, हाती सत्ता नाही. अशा सदस्याजवळ दोनच गोष्टी असतात : नियमांचे पुस्तक आणि कागद. देशमुखांनी या दोहोंवर तीस वर्षे काढली. प्राध्यापकांच्या 'नुटा' या संघटनेचे ते नेते. तिच्या बुलेटीनमधून शासनाची पत्रे, निर्णय, सभागृहातले कामकाज जसेच्या तसे छापून वऱ्हाडातल्या महाविद्यालयांत पोचायचे. पदवीधर म्हणून माझेही नाव त्यांच्या मतदारयादीत होते. मत मी दिले असेन. पण त्यांचे प्रश्न मात्र निवृत्तीनंतर, एका प्राध्यापक मित्राच्या घरी पिवळे पडलेले अंक चाळताना पहिल्यांदा वाचले. आणि वाचताना गोठ्यातली ती मोटार डोळ्यांपुढे आली.

त्यांचा मुख्य विषय विदर्भाचा अनुशेष. हा शब्द आज इतका गुळगुळीत झाला आहे, की त्यामागचा हिशेब आपण विसरलो. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ साली तिने अहवाल दिला. राज्याची सरासरी धरून कोणता जिल्हा रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज यांत किती मागे आहे, ते रुपयांत मांडले. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी. त्यात विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटी, म्हणजे शंभरात एकोणचाळीस. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ची स्थिती काढली, तेव्हा एकूण आकडा १४,००६ कोटींच्या वर गेला होता आणि विदर्भाचा ६,६२४ कोटींवर : शंभरात सत्तेचाळीस. भाववाढ झाली होती, सरासरीही वर सरकली होती, हे मान्य. पण हिस्सा का वाढला? बँकेच्या भाषेत सांगायचे तर हप्ता भरल्याच्या पावत्या फाडल्या जात होत्या आणि बाकी चढत होती.

अशा वेळी सभागृहात घसा फोडून 'अन्याय, अन्याय' म्हणणे सोपे असते. त्याचे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात चार ओळी होतात आणि तिसऱ्या दिवशी रद्दी. लेखी प्रश्नाचे तसे नाही. तारांकित प्रश्न पुकारला गेला तर मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते आणि उपप्रश्न झेलावे लागतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर कागदावरच येते. पण दोन्हींत एक गोष्ट समान : मंत्र्याचे म्हणणे छापले जाते. 'हे खरे नाही' हेसुद्धा छापले जाते, आणि पुढे ते खोटे ठरले तर त्याच कागदाने त्याला धरता येते. 'करू' असे सभागृहात म्हटले, तर ते शब्द आश्वासन समितीकडे जातात. ही सोय काही कोणी सहज दिलेली नाही. १८९२ च्या कायद्याने आपल्या लोकांना कौन्सिलात प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उपप्रश्नाची नाही. उपप्रश्नासाठी १९०९ उजाडावे लागले. साहेबाला पहिल्या प्रश्नाची भीती नव्हती, दुसऱ्याची होती.

प्रश्नात बळ किती असते, हे आम्हा बँकवाल्यांना मुंध्रा प्रकरणाने शिकवले. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाच्या पैशाबाबत लोकसभेत प्रश्न आला. फिरोज गांधींनी, स्वतः सत्तारूढ पक्षाचे असूनही, तो लावून धरला. न्यायमूर्ती छागलांची चौकशी झाली आणि १९५८ साली अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावे लागले. आणि हेच हत्यार विकाऊ झाले म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये अकरा खासदारांना संसदेने घालवले. जी वस्तू विकत घ्यायला माणसे येतात, तिला किंमत असते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

पण खरी मेख प्रश्न विचारण्यात नाही, कशाबद्दल विचारायचे यात आहे. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली, पुढे राज्यपालांचे निर्देश आले, सिंचनावर पैसा खर्च होऊ लागला. २०१० च्या सुमारास सरकारी कागदांत सिंचनाचा आर्थिक अनुशेष संपला. अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा या चार जिल्ह्यांचा भौतिक अनुशेष मात्र शिल्लकच होता. म्हणजे ठरलेली रक्कम खर्ची पडली, ठरलेले शिवार भिजले नाही. 'किती कोटी खर्च केले?' असे विचारले तर मंत्र्याचे उत्तर अभिमानाचे येते. 'किती हेक्टर भिजले?' असे विचारले की आवाज खाली येतो. दोन्ही उत्तरे खरी असतात. माझा अहवालही खराच होता.

याच जिल्ह्यांतल्या शेतकरी आत्महत्यांबद्दल दर अधिवेशनात प्रश्न येतात. उत्तरात दोन रकाने असतात : मदतीस पात्र आणि अपात्र. 'पात्र किती' एवढेच विचारणाऱ्याला लहान आकडा मिळतो. एकूण किती, अपात्र किती आणि कोणत्या निकषावर, असे विचारणाऱ्याला गावागावातली घरे दिसू लागतात. प्रश्नातला एक शब्द बदलला की शेकडो माणसे हिशेबात येतात किंवा हिशेबाबाहेर जातात.

लेखी प्रश्नाने वऱ्हाडात पाणी आले, असे मी म्हणणार नाही. आले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. देशमुखांचाही शेवटी निवडणुकीत पराभव झाला. अकोल्याचे डॉ. रणजित पाटील त्या जागेवर निवडून आले, आणि २०१४ साली राज्यमंत्री झाले. जी जागा तीस वर्षे प्रश्न विचारत होती, ती उत्तर देणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसली. लोकशाहीत यात गैर काही नाही. पण प्रश्न विचारणारी जागा रिकामी राहू नये. विकास मंडळांची मुदतही एप्रिल २०२० मध्ये संपली, तेव्हा त्यासाठी कोणी मोठा गलका केल्याचे आठवत नाही.

दोष केवळ आमदारांचा कशाला? प्रश्नोत्तरांच्या याद्या आता विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. आपल्या आमदाराने मागच्या अधिवेशनात काय विचारले, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले? लग्नाला आला होता की नाही, तेराव्याला आला होता की नाही, हे आपल्याला बिनचूक ठाऊक असते. वाचणारा नसेल तर उत्तर देणाऱ्याला कसली भीती, आणि विचारणाऱ्याला तरी कसला हुरूप?

त्या शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत शेवटी तार पोचली, असे पुढे कानावर आले. तोवर माझी बदली झाली होती. त्याचा प्रश्न त्याने चुकीच्या माणसाला विचारला, असे मला तेव्हा वाटले होते. आता वाटते, प्रश्न बरोबर होता आणि माणूसही बरोबर होता. 'आमच्या हातात नाही' असे सांगण्याऐवजी मला अहवालात एक ओळ वाढवता आली असती : वीज आलेली नाही, विलंबाची कारणे काय आहेत? तेवढी ओळ लिहायला कोणाची परवानगी लागत नव्हती.